नाव औषधाचे, अंमल नशेचा

मंडळी, हाताशी असेल ते वर्तमानपत्र उघडा. आतल्या पानावर कुठे तरी मथळा दिसतो, 'अमली पदार्थांचा साठा जप्त'. त्याच्याच खाली दुसरी बातमी असते, 'विषारी औषध पोटात गेल्याने महिला अत्यवस्थ'. कोपऱ्यात जाहिरात असते, 'दारू सोडवा, रुग्णाच्या नकळत, खात्रीचे औषध'. आणि पेपरची घडी घालून तुम्ही तालुक्याला औषधाच्या दुकानात गेलात, तर पाटीवर लिहिलेले असते, 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट'.

एका सकाळी चार ठिकाणी वाचलेले हे शब्द. त्यांत औषध म्हणजे एकदा विष, तर एकदा उपाय. ड्रग म्हणजे ज्याने तरुण पोर वाया गेले तेही, आणि ज्याने ताप उतरतो तेही. शाळेत जाणारा नातू विचारतो, "आजी, ड्रग्ज वाईट असतात ना? मग ती दुकानाच्या पाटीवर कशी?" आजीला उत्तर सुचत नाही. दोष आजीचा नाही. दोष आपल्या रोजच्या लिहिण्याबोलण्याचा आहे.

हा नुसता शब्दांचा खेळ असता, तर तो पंडितांवर सोपवून आपण आपल्या कामाला लागलो असतो. पण तसे नाही. नशेच्या वस्तूला आपण जे नाव देतो, त्यावर आपली सावधगिरी ठरते. नाव सौम्य असले की धोका दिसत नाही. नाव शिवीसारखे असले की माणूस दिसत नाही. आणि या दोन्ही चुका शेवटी घराला भोवतात. म्हणून आज थोडे या नावांविषयी बोलू.

एक शब्द, दोन वाटा

इंग्रजीत ड्रग हा एकच शब्द दोन्हींना चालतो. मराठीने मात्र दोन वाटा केल्या. दवाखान्यातल्या वस्तूला आपण औषध म्हणतो. म्हणून १९४० सालचा कायदा 'औषधे व सौंदर्यप्रसाधने' यांचा, आणि भेसळ तपासणारे खाते 'अन्न व औषध प्रशासन'. नशेच्या वस्तूला वर्तमानपत्रे 'अमली पदार्थ' म्हणतात.

पण सरकारी कागदावर गेले की या दोन वाटा पुन्हा एकत्र येतात. गांजा, अफू, चरस, हेरॉइन यांच्याविरुद्ध जो मोठा कायदा १९८५ साली झाला, त्याचे मराठी नाव असे: 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम'. नाव वाचता वाचता दम लागतो. मथळ्यात ते बसत नाही, म्हणून बातमीदार 'अमली पदार्थ' लिहितात, नाही तर इंग्रजी आद्याक्षरे घेऊन 'एनडीपीएस' लिहितात.

त्या लांब नावात 'औषधी' हा शब्द चुकून आलेला नाही. अफूपासून मॉर्फिन निघते. कर्करोगाच्या रोग्याला जेव्हा वेदना असह्य होतात, तेव्हा डॉक्टर तेच मॉर्फिन मोजून देतात आणि त्या जिवाला आराम पडतो. म्हणजे एकच वस्तू डॉक्टरच्या हातात औषध आहे आणि गल्लीतल्या पुडीत नशा आहे. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमातही हीच समज आहे. मादक पेये आणि आरोग्याला घातक द्रव्ये यांच्या सेवनाला बंदी आणण्यासाठी राज्याने झटावे, असे ते कलम सांगते, आणि औषधी उपयोग तेवढा वगळते.

या कलमातली आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. घटनाकारांनी दारू आणि इतर नशेची द्रव्ये एकाच वाक्यात, शेजारी शेजारी बसवली. वर्तमानपत्रांनी मात्र त्यांची फारकत केली. 'अमली पदार्थ' म्हटले की त्यात गांजा येतो, चरस येतो, दारू कधी येत नाही. परिणाम काय झाला? रोज रात्री भिंतीला धरून घरी येणारा बाप मुलाला ताठ मानेने सांगतो, "बाबा रे, त्या ड्रग्जच्या नादी लागू नकोस." आपण स्वतः कशाच्या नादी लागलो आहोत, हे त्याला शब्दानेच विसरायला लावले आहे.

अंमल कुणाचा?

अमली हा शब्द आला कुठून, हे कळले तर त्याची धार कळेल. मूळ शब्द अंमल. तो अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ काम, कृती असा. पुढे मराठीत त्याला सत्तेचा अर्थ चढला. पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल, पोलीस ठाण्यातला अंमलदार, कायद्याची अंमलबजावणी, हे सारे त्याच घरातले शब्द. आणि त्याच शब्दाने आपण म्हणू लागलो, 'भांगेचा अंमल चढला'. राजस्थानात तर अमल म्हणजे थेट अफू, आणि पंजाबात अमली म्हणजे व्यसनी माणूस.

जुने लोक अंमली असे अनुस्वार देऊन लिहीत, आज बहुतेक ठिकाणी अमली लिहितात. कसेही लिहा, अर्थ विसरू नका. जे पोटात गेल्यावर माणसावर राज्य करते, ते अमली. घरचा कर्ता पुरुष दुसऱ्याच्या अंमलाखाली गेला, हे या शब्दातच लिहून ठेवले आहे. मग या कसोटीला दारू उतरत नाही का? तंबाखू उतरत नाही का? पहाटे उठल्याबरोबर ज्याचा हात पहिल्यांदा चंचीकडे जातो, त्याच्यावर अंमल कुणाचा, हे सांगायला पंडित लागत नाही.

दारूची सोज्वळ आणि विनोदी नावे

दारू हा शब्दही मोठा गमतीचा. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू' या जोडशब्दात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. घरी कुणी आजारी असले तर शेजारीण विचारते, "दवादारू केलीत का?" तिला गुत्ता अभिप्रेत नसतो. तोच शब्द तोफेत ठासायच्या भुकटीला लागला, म्हणून दारूगोळा. जत्रेत उडते ती शोभेची दारू. एकाच शब्दाने बरे करणारी वस्तूही सांगितली आणि उडवून देणारीही.

आता पेपरात हीच वस्तू कशी येते ते बघा. शहरातल्या झगमगीत हॉटेलात ती 'मद्य' असते, आणि पिणारा 'मद्यप्रेमी'. बाजाराच्या गावी ती 'दारू' होते, आणि पिणारा 'दारुडा'. ओढ्याकाठी ती 'हातभट्टी' होते आणि पिणारा 'बेवडा'. चढणारी वस्तू तिन्ही ठिकाणी एकच. खिसा पाहून नाव बदलले, एवढेच.

सर्वांत नवल वाटते ते 'तळीराम' या शब्दाचे. एकतीस डिसेंबर आला की मथळे झळकतात, 'तळीरामांवर पोलिसांची नजर'. वाचणारा हसतो. तळीराम हे राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातले पात्र. ते लोकांना हसवते हे खरे. पण त्या नाटकात सुधाकरासारख्या हुशार वकिलाच्या संसाराची राखरांगोळी होते आणि सिंधूसारखी बायको त्यात होरपळून जाते. मथळ्यांनी त्यातला तळीराम तेवढा उचलला आणि सिंधूला मागे ठेवले. दारूची बातमी जेव्हा जेव्हा विनोदाने लिहिली जाते, तेव्हा तेव्हा कुठल्या तरी सिंधूचे नाव खोडले जाते.

घरातली गोड नावे

बाहेरच्यांना बोल लावण्याआधी आपल्या माजघरात डोकावू. ब्रिटिशांच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना झोपवण्यासाठी एक बारीक गोळी देत. पोर दिवसभर निपचित पडे आणि आईला पाळीवर जाता येई. त्या गोळीचे नाव होते 'बाळागोळी'. तिच्यात अफू असे. त्या बायका क्रूर नव्हत्या, लाचार होत्या. पण विचार करा, गोळीचे नाव 'अफूगोळी' असते, तर किती आयांचा हात थांबला असता! बाळाचे नाव लावल्याने अफू अंगाईसारखी वाटू लागली.

आज ती गोळी गेली, पण सवय गेली नाही. मिसरी घ्या. भाजून पूड केलेला तंबाखू तो. पण 'दात घासायला' म्हटले की तो तंबाखू राहत नाही, दंतमंजन होतो. कितीतरी माउल्या सकाळ, दुपार, संध्याकाळ दात घासतात, आणि 'मला कसलेही व्यसन नाही' असे शपथेवर सांगतात. खोटे बोलत नाहीत त्या. नावाने त्यांना फसवले आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ साली बंदी केली, ती याच कारणाने. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी 'सुगंधी', 'पानमसाला' अशी नावे घेऊन पुडी हातात येतेच.

खोकल्याच्या काही बाटल्यांत कोडीन असते. हे कोडीनही अफूच्याच घराण्यातले. डॉक्टरने सांगितले तेवढे चमचे घेतले तर औषध. तरुण पोर बाटलीच्या बाटली तोंडाला लावू लागले तर नशा. आई मात्र म्हणते, "खोकल्याचं औषध घेतोय, घेऊ दे." झोपेच्या गोळ्यांचेही असेच. चिठ्ठीवाचून आणलेली आणि महिनोन्‌महिने चाललेली गोळी, नाव काहीही असो, अंमल बसवते.

आणि औषध शब्दाचा मोठा घोटाळा तर आपल्या शेतावरच आहे. 'कापसावर औषध मारले', 'औषधाचा डबा माचाखाली ठेवला' असे आपण सहज बोलतो. ते औषध पिकाचे असेल, माणसाला ते विषच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलो नाही. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, त्यात लाल सर्वांत जहाल. पण ज्या घरात त्या डब्यालाही औषध म्हणतात आणि बाळाच्या बाटलीलाही औषध म्हणतात, तिथे अजाण लेकराने काय समजायचे? त्याला 'विष' म्हणायची सवय लावा. शब्द कडू आहे, पण कडूच हवा.

शेतातले झाड आणि कागदावरचे नाव

आता शेतकऱ्याच्या थेट मानेशी येणारी गोष्ट. खसखस आपल्याला माहीत आहे. अनरशावर लावतो, मसाल्यात वाटतो. ती खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचे बी. स्वयंपाकघरात तिचे नाव खसखस, पोलीस पंचनाम्यात त्याच झाडाचे नाव अफू. झाड एकच. बोंडाला चीर दिली की जो चीक येतो, तो अफू. बी वाटणात घालायला हरकत नाही. झाड लावायला मात्र सरकारी परवाना लागतो. तो मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच मिळतो, महाराष्ट्रात नाही. २०१२ साली बीड जिल्ह्यात अफूची शेते उघडकीस आली, तेव्हा 'आम्ही तर खसखस लावली होती' असे शेतकऱ्यांकडून ऐकू आले. कोर्टात हे नाव वाचवायला येत नाही. कुणी 'खसखशीचे नवे पीक, चांगला भाव' म्हणून बियाणे आणून दिले, तर चार हात लांब राहा.

गांजाचेही तसेच. भांग, गांजा, चरस ही तीन नावे, पण झाड एक. पाने ती भांग, बोंडे आणि फुलोरा तो गांजा, आणि चिकाचा चरस. उसाच्या, तुरीच्या आड चार झाडे लावा, असे सांगणारा माणूस त्याला गांजा म्हणत नाही. 'झाडपाला' म्हणतो, 'औषधी वनस्पती' म्हणतो. कायदा मात्र त्याला त्याच्या नावाने ओळखतो. हे झाड लावल्याबद्दल दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जमीन खंडाने, वाट्याने दुसऱ्याला दिली असली तरी बेफिकीर राहू नका. आपल्या रानात असे पीक आहे हे कळल्यावर ताबडतोब पोलिसांना कळवणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून गप्प बसणे हाच गुन्हा ठरतो. सरपंच, पंच आणि गावकामगारांवरही कायद्याने ही जबाबदारी टाकली आहे.

तसेच उगाच घाबरूनही जाऊ नका. अंबाडीचे पान गांजाच्या पानासारखे दिसते. इतके, की शास्त्रज्ञांनी अंबाडीच्या एका जातीला त्याच साम्यावरून नाव दिले. ती बिचारी आपली भाजीची आणि दोराची अंबाडी. नाव नीट माहीत असले की चोर सुटत नाही आणि साव अडकत नाही.

माणसाला शिवी नको

वस्तूचे नाव जितके रोखठोक हवे, तितकेच माणसाचे नाव जपून हवे. १९८० नंतर मुंबईत ब्राउन शुगर पसरली. तिला लोक 'गर्द' म्हणू लागले. गर्द म्हणजे धूळ, पूड. आणि ती ओढणाऱ्याला नाव पडले 'गर्दुल्ला'. पेपरांनी ते उचलले. आजही 'गर्दुल्ल्यांचा उपद्रव' असे मथळे येतात. त्या मथळ्यातला माणूस कुणाचा तरी लेक आहे, हे त्या शब्दात कुठेच दिसत नाही.

त्याच काळात पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी दुसरा रस्ता धरला. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात दिला, आणि १९८६ साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. तिथे व्यसनी माणसाकडे आजारी माणूस म्हणून पाहिले गेले. शब्द बदलला, तशी वागणूक बदलली. 'बेवडा' म्हटले की दार लावावेसे वाटते. 'आजारी' म्हटले की दवाखान्याची वाट आठवते.

कायद्यानेही ही वाट ठेवली आहे. नशा केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याबद्दल पकडलेला व्यसनी माणूस आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार मात्र पुरा करावा लागतो. पोरगा सापडला म्हणून लाजेने तोंड लपवणाऱ्या आईबापांनी हे वकिलाला जरूर विचारावे.

जाहिरातीतल्या 'नकळत द्यायच्या औषधा'च्या वाटेला मात्र जाऊ नका. त्या पुडीत काय आहे हे घरच्या बाईला कळत नाही. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात अशा काही गोळ्या आहेत, की त्या पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब घसरतो, जिवावर बेतते. म्हणून त्या रोग्याला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायच्या असतात. वहिनी, ताई, भाजीत पूड कालवण्याआधी हे लक्षात ठेवा. तसेच वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, फिट येणे, भास होणे असे होऊ शकते. त्याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करत बसू नका. तो दारूचा अंमल उतरतानाचा आजार आहे. थेट सरकारी दवाखाना गाठा. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

तेव्हा लिहायचे कसे?

महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावातल्या बायकांचे मतदान घेतात, तेव्हा चिठ्ठीवर शब्दांवर भिस्त नसते. दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. तिथे मद्य नाही, दवा नाही, तळीराम नाही. बाटली आणि फक्त बाटली. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ती कळते, आणि कितीतरी गावांत आजीने ती आडवी केली. इतके सरळ आपल्याला शब्दांतही लिहिता आले पाहिजे.

ग्रामसभेत ठराव कराल, तेव्हा 'अमली पदार्थांना बंदी' एवढ्यावर थांबू नका. दारू, हातभट्टी, गांजा, गुटखा, तंबाखू अशी नावे एकेक करून लिहा. मोघम ठरावातून पुडी निसटते. डॉक्टरांना सांगताना 'थोडंफार घेतो' म्हणू नका. काय, किती आणि किती वर्षे ते सांगा, कारण भूल देताना आणि औषध ठरवताना त्यांना ते कळावे लागते. फवारणीच्या डब्यावर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा आणि तो कुलपात ठेवा. मुलांना 'ड्रग्ज' हा दूरचा, सिनेमातला शब्द शिकवण्याऐवजी घरातल्या आणि पारावरच्या वस्तूंची नावे घेऊन समजावा. आणि शेजारचा गडी व्यसनात सापडला असेल, तर त्याला त्याच्या नावानेच हाक मारा. त्याच्यावर आधीच दुसऱ्याचा अंमल आहे. त्यातून तो बाहेर यायचा, तर निदान स्वतःचे नाव तरी त्याच्याकडे शिल्लक राहिले पाहिजे.